ओठांवरचे बोट आणि बाल होरस

ओठांवर बोट ठेवलेला हार्पोक्रेटिस हा इजिप्तचा ‘मौनाचा देव’ होता, ही समजूत चुकीची आहे. हे नावच मुळी ‘हर-पा-खेरेद’ म्हणजे ‘बाळ होरस’ (होरस हा इजिप्तचा एक प्रमुख देव) या इजिप्शियन नावाचे ग्रीक रूप आहे. तोंडाशी बोट नेणे ही इजिप्शियन चित्रकलेत बालपणाची खूण होती. ‘मूल’ या अर्थाच्या चित्रलिपीतील चिन्हातही तोंडाशी हात नेलेले बसलेले मूल दिसते, आणि कैरो येथील प्रसिद्ध शिल्पात हौरोन देवाच्या छायेत बसलेला बालरूपातील इजिप्तचा राजा रामसेस दुसराही, कानाजवळ एकच बट सोडून, तसेच बोट धरून आहे. ही खूण ठाऊक नसलेल्या ग्रीक-रोमन लेखकांनी, त्यांत वॅरो आणि प्लूटार्क हे आलेच, तिचा अर्थ ‘गप्प राहा’ असा लावला. वस्तुतः मगरींवर उभ्या बाल होरसाच्या शिळांवर मंत्र कोरलेले असत आणि त्यांवरून ओघळलेले पाणी विंचू-सर्पदंशावर उतारा म्हणून पाजले जाई. ज्याचे सामर्थ्य असे शब्दांत साठवले होते, त्याच्यावर मौन लादले जावे, हे मला फार खटकते.