मूलाँ रूज: सहा महिने चाललेला कॅसिनो

लास वेगास म्हटलं की सगळ्यांना स्ट्रिप, म्हणजे मोठमोठ्या कॅसिनोंचा तो प्रसिद्ध रस्ता, आठवते, पण या शहराचं खरं रूप कळायचं असेल तर रेल्वे रुळांच्या पलीकडे वेस्टसाइडला, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, जायला हवं. तिथे बोनान्झा रोडवर २४ मे १९५५ ला मूलाँ रूज नावाचं हॉटेल-कॅसिनो सुरू झालं.

नेवाडात जुगार १९३१ पासूनच कायदेशीर होता, पण कृष्णवर्णीयांसाठी दारं मात्र बंद, इतकी की या राज्याला, वंशभेदासाठी कुख्यात असलेल्या मिसिसिपी राज्यावरून, 'पश्चिमेचं मिसिसिपी' म्हणायचे. नॅट किंग कोल, सॅमी डेव्हिस ज्युनियर यांच्यासारखे कृष्णवर्णीय गायक स्ट्रिपवर गाणार, हॉल फुल्ल होणार, टाळ्या पडणार, आणि शो संपला की झोपायला वेस्टसाइडच्या एखाद्या गेस्ट हाऊसवर, कारण ज्या हॉटेलात गायले तिथेच त्यांना खोली मिळायची नाही. हे वाचताना आजही राग येतो.

मूलाँ रूजमध्ये गोरे-काळे एकाच टेबलावर बसायचे, वेगासमधलं असं हे पहिलंच हॉटेल-कॅसिनो. दारात स्वागताला बॉक्सर जो लुईस, त्याची थोडी भागीदारीही होती. रात्री अडीचला तिसरा शो, म्हणजे स्ट्रिपवरचं काम आटोपून कलाकार इकडे यायचे, त्यांच्या मागून त्यांचे प्रेक्षकही. ही वेळ ज्याच्या डोक्यातून आली त्याला मानलं पाहिजे.

तरी नोव्हेंबरपर्यंत कॅसिनोला कुलूप. कारणं बरीच सांगतात. कर्ज, ढिसाळ कारभार, स्ट्रिपवाल्यांचा दबाव. दबावाचं मी ठामपणे म्हणणार नाही, पण त्याच वर्षी स्ट्रिपवर नवी हॉटेलं आली, रिव्हिएरा उघडलं, रॉयल नेवाडा उघडलं, ड्यून्स तर मूलाँ रूजच्या आदल्याच दिवशी, एवढी गिऱ्हाइकं आणायची कुठून? जूनमध्ये 'लाइफ' मासिकाने कव्हरवर मूलाँ रूजच्या नर्तकी छापल्या आणि सोबत प्रश्नही विचारला, वेगासची ही तेजी जरा जास्तच झाली का.

पण कॅसिनो बंद पडला तरी या इमारतीची भूमिका संपली नव्हती. १९६० मध्ये एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे स्थानिक अध्यक्ष, पेशाने दंतवैद्य असलेले जेम्स मॅकमिलन यांनी भेदभाव थांबवा नाहीतर स्ट्रिपवर मोर्चा काढतो असं बजावलं, मोर्चाने धंदा बसेल ही भीती हॉटेलवाल्यांना होतीच, ते नमले, आणि २६ मार्चला समझोता झाला तो याच मूलाँ रूजच्या कॉफी शॉपमध्ये! स्ट्रिपची दारं उघडली ती इथे बसून.

१९९२ मध्ये वास्तूची राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत नोंद झाली, पण नोंदीने आग थोडीच थांबते. २००३ च्या आगीत बरंच जळलं, २००९ मध्ये पुन्हा आग लागली.

वाचली ती निऑनची पाटी. 'वेलकम टू फॅब्युलस लास वेगास' ही शहराची प्रसिद्ध पाटी करणारी बेटी विलिस, तिनेच हीसुद्धा डिझाइन केलेली, सलग हाताने लिहिल्यासारखी मोठी वळणदार अक्षरं. ती आता शहरातल्या निऑन म्युझियममध्ये आहेत, दुरुस्त करून पुन्हा पेटवलेली.