टायटल ब्लॉक व ड्रॉइंग टेम्प्लेट

तांत्रिक ड्रॉइंगच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातली माहितीची चौकट म्हणजे टायटल ब्लॉक. ड्रॉइंगचे नाव व क्रमांक, मालक कंपनी, कोणी काढले, कोणी तपासले, कोणी मंजूर केले, कितवे रिव्हिजन (सुधारित आवृत्ती), हे तिच्यात वाचायला मिळते. ही चौकट, कागदाचा समास, लेयर (रेषांचे वेगवेगळे थर), अक्षरांच्या व मापांच्या शैली आणि छपाईची मांडणी असा सगळा सरंजाम आधीच भरून ठेवलेली कोरी कॅड (संगणकावर ड्रॉइंग काढण्याची) फाइल म्हणजे टेम्प्लेट. तिला मराठीत ‘साचा’ म्हणता येईल. पण बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत साचा म्हटले की ओतकामाचा साचाच डोळ्यांसमोर येतो. त्यामुळे दांडिया बाजारातल्या मराठी घरातून कामावर जाणारा ड्राफ्ट्समनही टेम्प्लेटच म्हणतो.

बडोद्याला ड्रॉइंग बोर्ड जुना. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९० मध्ये तांत्रिक शिक्षणासाठी कलाभवन काढले. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा त्यातूनच वाढली. कागदावर काम होई तेव्हा चौकट दरवेळी हाताने आखावी लागे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला शिकवली जाणारी १८५ × ६५ मिलिमीटरची चौकट आजही अनेकांना तोंडपाठ असते. आयएसओ ७२०० या आंतरराष्ट्रीय मानकात मात्र रुंदी १८० मिलिमीटर आहे आणि त्यामागचा हिशेब सरळ आहे : ए-४ कागदाची रुंदी २१०, डावीकडे फाइलला लावण्यासाठी २० चा समास, उजवीकडे १० चा, उरले १८०. म्हणजे तीच चौकट ए-४ पासून ए-० पर्यंत न बदलता चालते. याच मानकाच्या २००४ च्या आवृत्तीत मालक, क्रमांक, प्रसृत केल्याची तारीख, शीट क्रमांक, नाव, मंजूर करणारा, तयार करणारा आणि दस्तऐवजाचा प्रकार ही आठ घरे अनिवार्य आहेत. ज्यावरून वर्कशॉपमध्ये सर्वांत जास्त भांडणे होतात तो रिव्हिजन क्रमांक त्यात ऐच्छिक आहे.

ऑटोकॅड या कॅड सॉफ्टवेअरमध्ये टेम्प्लेटची फाइल डीडब्ल्यूटी प्रकारची असते. सोबत येणाऱ्या टेम्प्लेटांपैकी ‘अकॅड’ इंचांत आहे आणि ‘अकॅड-आयएसओ’ मिलिमीटरमध्ये. चुकून पहिले उघडले की पुढे कुठेतरी २५.४ चा गुणाकार आडवा येतो. १९९० च्या अकराव्या आवृत्तीपासून पेपर स्पेस (छापायच्या कागदाची वेगळी जागा) मिळाल्यावर वस्तू मॉडेलमध्ये (वस्तू काढायच्या जागेत) खऱ्या मापात काढायची, चौकट पेपर स्पेसमध्ये एकास एक ठेवायची आणि स्केल व्ह्यूपोर्टला (कागदातून मॉडेल दाखवणाऱ्या खिडकीला) द्यायचे, ही सरळ वाट झाली. तरी चौकटच पन्नासपट मोठी करून मॉडेलमध्ये ठेवण्याची जुनी सवय काही ऑफिसांतून अजून गेलेली नाही.

चौकटीतला बदलता मजकूर साध्या टेक्स्टने लिहू नये, ॲट्रिब्यूट (ब्लॉकमधले नाव दिलेले भरायचे घर) म्हणून ठेवावा. मग तो यादीसारखा भरता येतो आणि शंभर शीटांमधून एकदम बाहेरही काढता येतो. शीट सेट (प्रकल्पातल्या सगळ्या शीटांची एकत्र यादी) वापरला तर प्रकल्पाचे नाव एकाच जागी लिहून फील्डमार्फत (आपोआप भरल्या जाणाऱ्या मजकुरामार्फत) सगळीकडे उमटते. सॉलिडवर्क्स या दुसऱ्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये टेम्प्लेट व शीट फॉरमॅट (समास व चौकट असलेला कागद) या दोन वेगळ्या फाइली असतात आणि पार्टच्या (सुट्या भागाच्या फाइलीच्या) कस्टम प्रॉपर्टीतून नाव, मटेरियल वगैरे चौकटीत आपोआप येते. फील्ड निवडताना मात्र सावध असावे. तारखेच्या घरात छपाईच्या तारखेचे फील्ड टाकले, तर तीन वर्षांपूर्वीचे ड्रॉइंग प्रत्येक प्रिंटबरोबर ताजे दिसू लागते. प्रसृत केल्याची तारीख हातानेच लिहिलेली बरी.

टेम्प्लेटबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज असा, की ते बदलले की जुनी ड्रॉइंग्जही बदलतात. तसे होत नाही. टेम्प्लेट फक्त जन्माच्या वेळी कामाला येते. त्यानंतर फाइलचा आणि त्याचा संबंध तुटतो. कंपनीचा पत्ता बदलला तर हजार फाइलींत जुना पत्ता तसाच राहतो. म्हणून समास, लोगो, पत्ता असा स्थिर भाग एक्सरेफ (दुसऱ्या फाइलीचा दुवा) म्हणून बाहेरून जोडतात आणि ॲट्रिब्यूट असलेला ब्लॉक प्रत्येक फाइलीत वेगळा ठेवतात. एक्सरेफमधली ॲट्रिब्यूट ज्या ड्रॉइंगला तो जोडला त्यातून बदलता येत नाहीत, म्हणून ही विभागणी आवश्यकच आहे. सॉलिडवर्क्समध्ये शीट फॉरमॅट प्रत्येक ड्रॉइंगमध्ये पुन्हा लोड करावा लागतो.

त्याहून मोठा शत्रू म्हणजे ‘सेव्ह ॲज’. घाईत कोणी टेम्प्लेट उघडत नाही. मागच्या महिन्याचे काम उघडून नवे नाव देतो. मग मागच्या ग्राहकाचे रिव्हिजन टेबल, शंभर निरुपयोगी लेयर आणि ‘तपासणारा’ या घरात नोकरी सोडून गेलेल्या माणसाची आद्याक्षरे नव्या कामात येऊन बसतात. पर्ज (न वापरलेल्या गोष्टी काढून टाकण्याची आज्ञा) केल्याने लेयर जातात, आद्याक्षरे जात नाहीत. सर्वसाधारण टॉलरन्सच्या (मापात चालू शकणाऱ्या फरकाच्या) ओळीचेही तसेच : आयएसओ २७६८ चा दुसरा भाग २०२१ मध्ये आयएसओ २२०८१ आल्यावर मागे घेतला गेला, तरी ‘२७६८-एमके’ (यातला ‘के’ त्याच दुसऱ्या भागाचा) अशी ओळ टेम्प्लेटांतून टेम्प्लेटांत चालतच राहते.

रिफायनरी, खत वा रसायन प्रकल्पांना टाक्या, व्हेसल (मोठी बंद भांडी) पुरवणाऱ्या कारखान्यांना एकाच शीटवर दोन क्रमांक सांभाळावे लागतात, ग्राहकाचा आणि स्वतःचा. दोघांची रिव्हिजन वेगवेगळ्या गतीने चालतात, एकाची अक्षरांत आणि दुसऱ्याची आकड्यांत असली तर बरेच. अशा ठिकाणी दोन घरे नुसती शेजारी न ठेवता कोणते कोणाचे हे ठळक लिहावे लागते. प्रोजेक्शनच्या, म्हणजे वस्तूची दृश्ये कागदावर कोणत्या बाजूला मांडायची त्या पद्धतीच्या, चिन्हाकडेही इथे लक्ष हवे. भारतीय प्रघात फर्स्ट अँगलचा, अमेरिकी ग्राहकाचा थर्ड अँगलचा. ग्राहकाच्या टेम्प्लेटमध्ये आपल्या पद्धतीची व्ह्यू (दृश्ये) ठेवली की नॉझल (टाकीला पाइप जोडायचे तोंड) नेमकी उलट्या बाजूला लागते.

लिपीचा प्रश्न छोटा, पण त्रासदायक. ऑटोकॅडचे नेहमीचे एसएचएक्स फॉन्ट देवनागरी किंवा गुजराती दाखवत नाहीत, प्रश्नचिन्हे उमटतात. त्या घरांसाठी ट्रूटाइप युनिकोड फॉन्टची वेगळी टेक्स्ट स्टाइल टेम्प्लेटमध्येच करून ठेवावी.

प्रिंटची घडी ए-४ आकाराची घालायची आणि टायटल ब्लॉक वर दिसेल अशी घालायची, हा नियम जुना आहे. मशीनजवळच्या क्लिपला लटकलेल्या गठ्ठ्यातून हवे ते ड्रॉइंग शोधताना ऑपरेटर तेवढाच कोपरा चाळतो, म्हणून क्रमांक तेलकट बोटांआडूनही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात ठेवतात.