अ‍ॅसिटोनने जुना चिकटवा विरघळतो का?

'गाडीच्या फायबरग्लास बॉडीचं पॅनल काढायचंय? सांध्यात अ‍ॅसिटोन सोडा, जुना चिकटवा विरघळेल.' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय.

तसं वाटणं साहजिकच. हा चिकटवा ज्याचा बनतो ते पॉलिएस्टर रेझिन ओलं असताना अ‍ॅसिटोनने झटकन निघतं. ब्रश त्यानेच धुतात. पण हार्डनर पडून रेझिन पक्कं झालं की त्याच्या साखळ्या एकमेकींत कायमच्या बांधल्या जातात. उकडलेलं अंडं परत पातळ होत नाही, तसंच. १९५३ साली आलेल्या कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स कारच्या जुन्या मॉडेल्सची पॅनल्स आतून पट्ट्या लावून अशाच चिकटव्याने जोडलेली असतात. आणि पॅनलही त्याच जातीच्या रेझिनचं! म्हणजे चिकटव्याला खाणारं जालीम पेंट रिमूव्हर पॅनललाही सोडणार नाही.

खात्री करायचीय? चिकटव्याचा सुटा तुकडा झाकणाच्या काचेच्या बरणीत अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवा. फार तर कडा मऊ पडतील, तुकडा तसाच राहील.

खरी मदत होते ती उष्णतेची. हीट गन सतत फिरवत थोडा थोडा भाग तापवायचा आणि पातळ पात्याचा स्क्रेपर हळूहळू सांध्यात सरकवायचा. उरलेला थर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचा, तोही चांगला मास्क लावून. घासताना उडणारी ही फायबरग्लासमधल्या काचतंतूंची धूळ मनगटांना दिवसभर खाजवते. अ‍ॅसिटोन अगदी शेवटी, फडक्यावर घेऊन तेलकटपणा पुसण्यापुरतं, आणि हीट गन बंद करून गार झाल्यावरच.