जुनं पिस्तूल नीट करून रेंजवर चालवायचंय? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी लायसनची प्रोसेस

घरात आजोबांच्या वेळचं पिस्तूल आहे, ते नीट करून छंद म्हणून रेंजवर चालवायचंय, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो की चांगला कारागीर कुठे मिळेल. कारागीर नंतर बघू, आधी कागद. 2020 च्या नियमबदलानंतर क्युरिओ प्रकारातलं, म्हणजे जुनी संग्रहाची वस्तू म्हणून जपलेलं, छोटं हत्यार नुसतं घरात ठेवायला लायसन लागत नाही हे खरंय, पण ते चालवायचं किंवा एका जागेवरून दुसरीकडे न्यायचं म्हटलं की लागतंच, आणि लायसनवर त्या पिस्तुलाची नोंद नसेल तर काडतुसंही मिळत नाहीत. त्यामुळे गावच्या घरात सापडलं म्हणून डिकीत टाकून ठाण्याला आणलं, असं अजिबात करू नका.

गंजलंय, चालतच नाही, मग लायसन कशाला, असंही खूप जणांना वाटतं. शस्त्र कायद्याच्या कलम 45 मधली सूट फक्त अशा हत्याराला आहे जे दुरुस्त करूनही चालणार नाही. तुम्हाला तर ते चालूच करायचंय, म्हणजे सूट संपली.

पिस्तूल आजोबांच्या किंवा वडिलांच्या लायसनवर असेल आणि ते वारले असतील, तर ते कपाटात ठेवून देऊ नका, जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा लायसन असलेल्या डीलरकडे जमा करा आणि पावती जपून ठेवा. मग 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे कायदेशीर वारस म्हणून तुम्ही स्वतःच्या नावाने लायसन मागू शकता. वडील हयात असतील तरी मार्ग आहे, त्यांचं वय 70 झालेलं असलं किंवा हत्यार त्यांच्याकडे 25 वर्षं असलं तर ते वारसाच्या नावावर जाऊ शकतं. तुमचं वय 21 पूर्ण हवं, आणि 2019 च्या कायदादुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त 2 हत्यारं, वारशाचं धरूनच.

अर्ज कुठे, तर ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगरवाल्यांनी ठाणे पोलीस आयुक्तालयात, आणि नवी मुंबईवाल्यांनी बेलापूरच्या आयुक्तालयात, ज्यात पनवेल-उरणही येतं, जिल्हा रायगड असला तरी. शहापूर-मुरबाडच्या लोकांनी कलेक्टर ऑफिस. फॉर्म ए-1 भरायचा.

कागदांमध्ये ओळख, पत्ता आणि जन्मतारखेचा पुरावा, फोटो, जुनं मूळ लायसन, मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, बाकीच्या वारसांची ना-हरकत, डॉक्टरांचं शारीरिक-मानसिक तब्येतीचं सर्टिफिकेट, हत्यार हाताळण्याच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणि ते घरी सुरक्षित ठेवण्याची हमी. यातलं ना-हरकत सगळ्यात आधी उरकून घ्या असं मी कळकळीने सांगेन, कारण एक बहीण परदेशात, एक काका बोलत नाहीत, अशाने फाईल अडते. रायफल क्लबचे मेंबर असाल तर ते पत्रही लावा, हत्यार कशासाठी हवंय ते त्यातून स्पष्ट होतं. यानंतर पोलीस स्टेशनकडून चौकशी होते, घरी येऊन विचारपूस होते, शेजाऱ्यांनाही विचारतात. नाकारलं तर कारण लेखी मागा, अपील करता येतं. मिळालं तर मुदत 5 वर्षं.

बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप, आधीच तपासून घ्या. 9 एमएम आणि .38 हे प्रतिबंधित बोअर, त्याचा निर्णय आयुक्तालयात होत नाही, केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जावं लागतं. .32 असेल तर सोपं.

आता दुरुस्ती. ती फक्त दुरुस्तीचं लायसन असलेल्याकडेच, कारण बिनलायसन दुरुस्ती करणं हाच कायद्याने गुन्हा आहे, ओळखीचा लेथवाला कितीही हुशार असला तरी त्याच्या हातात देऊ नका. आणि पॉलिश करताना जपा, कंपनीचं नाव, नंबर, बाकी खुणा घासून गेल्या तर कलम 8 मध्ये अडकाल, शिवाय जुन्या पिस्तुलाची अर्धी किंमत त्या खुणांतच असते. ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा थर, थोडं उडालेलं असलं तरी तसंच राहू द्या, आतल्या स्प्रिंगा, घोडा, नळी यावर पैसे घाला. नळीची तपासणी झाल्याशिवाय एकही गोळी झाडू नका, शंभर वर्षांपूर्वीचं पोलाद आजच्या काडतुसाचा दाब सोसेलच असं नाही.

रेंजवाल्यांना आधी विचारा की तुमचा बोअर तिथे चालतो का. ऑलिम्पिकमध्ये 25 मीटर पिस्तुलाला .22 लागतं, त्यामुळे आजोबांचं पिस्तूल अशा स्पर्धेला नाही, क्लबने परवानगी दिली तर सरावापुरतंच. फाईल फिरत असताना 10 मीटर एअर पिस्तूल शिकायला सुरुवात करा, हात स्थिर व्हायला त्याच्यासारखं काही नाही.