फाइलवर पाच सह्या आणि एका टेबलाभोवती पाच माणसे

निपाणी, चिकोडी किंवा खानापूर भागातून कर्करोगाच्या उपचारासाठी निघालेल्या रुग्णाच्या नातेवाइकाकडे बहुधा एक प्लॅस्टिकची पिशवी असते. तीत सर्जनची चिठ्ठी, पॅथॉलॉजीचा अहवाल, सीटीच्या फिल्म, रक्ततपासण्या आणि दातांच्या डॉक्टरांचा कागद असे सारे एकात एक कोंबलेले असते. प्रत्येक कागदावर निराळी सही असते आणि त्या सह्यांच्या भरवशावर घरी सांगितले जाते की ‘पाच डॉक्टर मिळून बघताहेत’. यातला ‘पाच’ हा शब्द खरा असतो; ‘मिळून’ हा खरा असेलच असे नाही. बहुव्यावसायिक उपचार आणि आंतरव्यावसायिक सहकार्य यांतला फरक या एका शब्दात आहे, आणि तरीही दोन्ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात.

बहुव्यावसायिक उपचारात प्रत्येक तज्ज्ञ आपल्या विषयापुरता निर्णय घेतो, तो कागदावर लिहितो आणि रुग्णाला पुढच्या दाराशी पाठवतो. आंतरव्यावसायिक सहकार्यात निर्णय पक्का होण्याआधीच दुसऱ्याची माहिती त्यात शिरते आणि गरज पडल्यास तो बदलते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात या दुसऱ्या प्रकाराची जी व्याख्या आहे, तीत वेगवेगळ्या व्यवसायांतल्या आरोग्यकर्मींबरोबर रुग्ण, त्याचे कुटुंब आणि त्याची काळजी घेणारी माणसे यांचाही उल्लेख आहे. म्हणजे पिशवी सांभाळणारा भाचा त्या व्याख्येत बसतो, पण हमाल म्हणून नव्हे.

रेडिएशनच्या विभागात हा घोटाळा अधिक होतो, कारण तिथे अनेक व्यवसायांची हजेरी मुळातच सक्तीची आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, मेडिकल फिजिसिस्ट, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी यांच्याशिवाय उपचाराचे यंत्र चालवता येत नाही. यांपैकी शेवटची जबाबदारी बहुधा फिजिसिस्टकडेच असते. डॉक्टर किती मात्रा कुठे द्यायची ते ठरवतो, फिजिसिस्ट ती शेजारच्या अवयवांना सांभाळून कशी पोहोचवायची याचे गणित मांडतो आणि तंत्रज्ञ रुग्णाला रोज त्याच जागी, त्याच स्थितीत निजवून यंत्र चालवतो. (निदानासाठी सीटी वाचणारा रेडिओलॉजिस्ट हा यांहून निराळा, आपल्याकडे दोघांनाही ‘किरणांचे डॉक्टर’ म्हणतात, म्हणून हे सांगावे लागते.) नियम ही माणसे एका इमारतीत आणतो. त्यांनी एकमेकांशी बोलावे याची सोय मात्र विभागाला स्वतःच करावी लागते.

तोंडाच्या कर्करोगाचे उदाहरण पाहिले की दोन्ही पद्धतींतला फरक आठवड्यांत मोजता येतो, आणि तंबाखूच्या निपाणीशेजारी राहणाऱ्यांना हे उदाहरण दूरचे वाटणार नाही. शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन द्यायचे असेल तर ते साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे, असा दंडक आहे. दुसरा दंडक असा की किडलेले, हलणारे दात रेडिएशनच्या आधी काढावेत आणि जखम भरायला किमान दोन आठवडे द्यावेत. कारण किरणांनी जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा क्षीण झाल्यावर दात काढला तर ते हाडच कुजण्याचा धोका राहतो. आता फाइल हातोहात फिरते असे धरा. पॅथॉलॉजीचा अहवाल तिसऱ्या आठवड्यात हाती येतो, रेडिएशनची भेट चौथ्यात होते, तिथून दातांच्या डॉक्टरकडे पाठवणी होते आणि पाचव्या आठवड्यात तीन दाढा निघतात. जखम भरेपर्यंत सातवा आठवडा उजाडतो, रेडिएशनच्या वेळी चेहरा स्थिर ठेवणारा साचा आणि नियोजन यांत आणखी एक जातो. प्रत्येकाने आपले काम बिनचूक केलेले असते आणि सहा आठवड्यांची मुदत मात्र टळलेली असते. चूक कोणाची, हे एकाही कागदावर सापडत नाही.

हाच रुग्ण शस्त्रक्रियेच्या आधी ट्यूमर बोर्डासमोर, म्हणजे सगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीसमोर, आला असता तर दातांच्या डॉक्टरने तेव्हाच तोंड तपासले असते, त्याच भुलीत दाढा निघाल्या असत्या आणि गालाची व हिरडीची जखम एकदमच भरली असती. एकही नवा तज्ज्ञ लागला नसता. बदलला असता तो फक्त विचारण्याचा क्रम. अर्थात बोर्ड भरला म्हणजे सहकार्य झाले असेही समजू नये. ज्येष्ठ सर्जन बोलतात, बाकीचे माना डोलावतात आणि सिस्टरला खुर्चीही नसते, अशी बैठक म्हणजे सह्यांचाच प्रकार, फक्त एका खोलीत उरकलेला.

प्रत्येक रुग्णासाठी असा घाट घालावा, असे माझे म्हणणे नाही. हाडात पसरलेल्या कर्करोगाची वेदना असह्य झालेल्या वृद्धाला बऱ्याचदा ८ ग्रेची (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) एकच मात्रा पुरते. त्याला बैठकीच्या वारापर्यंत ताटकळत ठेवण्यापेक्षा एका डॉक्टरने चिठ्ठी लिहावी आणि त्याच दिवशी उपचार व्हावा, हे बरे. उपचार लांबलचक, अवयव नाजूक आणि निर्णय एकमेकांत गुंतलेले असतील, तिथे साधी पाठवणी अपुरी पडते.

डोके आणि मान यांच्या कर्करोगाचा पूर्ण उपचार हा असाच लांबलचक: ७० ग्रे, ३५ भागांत, आठवड्याचे पाच दिवस, सात आठवडे. थर्मोप्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढतात आणि काही मिनिटांत ती चेहऱ्याच्या आकारात कडक होते. तोच रुग्णाचा साचा. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तोंड सोलपटते, भाकरी तर सोडाच, पेजही घशाखाली उतरत नाही आणि वजन घटते. मग साचा आणि गाल यांत बोट शिरेल इतकी फट पडते, आणि जी मान साच्यात घट्ट बसायची ती किंचित कलू लागते. मात्रेचे गणित मिलिमीटरांत मांडलेले असते आणि मज्जारज्जू तिथून जवळच असतो. डॉक्टर रुग्णाला बहुधा आठवड्यातून एकदा तपासतो, तंत्रज्ञ रोज पाहतो; म्हणून ती फट आधी दिसते तंत्रज्ञाला. ‘माझे काम यंत्र चालवण्याचे’ असे त्याला वाटत असेल, किंवा तसे वाटायला लावले गेले असेल, तर तो साचा जरा दाबून बसवतो आणि वेळ मारून नेतो. सहकार्य असेल तर तो थांबतो, फिजिसिस्टला बोलावतो, गरजेप्रमाणे पुन्हा सीटी आणि नवे नियोजन होते, आहारतज्ज्ञ नाकातून नळी घालण्याविषयी रुग्णाच्या घरच्यांशी बोलते आणि सिस्टर सोडा-मिठाच्या गुळण्या खरोखर होतात का, ते विचारते. बहुव्यावसायिक विभागातही हे सगळेजण पगारावर असतात. फरक इतकाच की तंत्रज्ञाने ‘थांबा’ म्हटल्यावर तिथे कोणी थांबतो का.

आपल्या सीमाभागात या फरकाला भाषेची आणखी एक बाजू आहे. अहवाल इंग्रजीत, सूचना पुष्कळदा कन्नडमध्ये आणि रुग्णाचे घर मराठीत. मराठीत आपण रेडिएशनला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘करंट’ हा शब्द चालतो; ‘करंट’ने माणूस धक्क्याला भितो, ‘शेक’ने तो घरी जाऊन त्याच जागी गरम पाण्याची पिशवी ठेवतो, जे त्या नाजूक झालेल्या कातडीला मुळीच सोसत नाही. भाषेचा अडसर फक्त रुग्णापुरता असतो, असेही नाही. फ्रान्समधल्या एपिनाल येथे २००४-०५ मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या किमान २३ रुग्णांना ठरल्यापेक्षा बरीच जास्त मात्रा गेली. नियोजनाच्या संगणकप्रणालीत दोन प्रकारच्या वेजेसची, म्हणजे किरणांचा झोत एका बाजूने क्षीण करण्याच्या साधनांची, गल्लत झाली होती, आणि ती प्रणाली वापरणाऱ्यांच्या हाती त्यांच्या फ्रेंच भाषेतली मार्गदर्शिका नव्हती.

शिवाय आपल्याकडे उपचारच दोन राज्यांत वाटला जातो. शस्त्रक्रिया कोल्हापुरात किंवा मिरजेत, रेडिएशन बेळगावात किंवा हुबळीत, असे सहज घडते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचे ठरवले आणि कर्नाटकाची योजना वेगळी आहेच; त्यामुळे कोणता टप्पा कुठे घ्यायचा हे काही वेळा आजारापेक्षा कार्डावर ठरते. अशा वेळी दोन रुग्णालयांतला निरोप्या कोण, हा माझ्या मते खरा निकष आहे. सर्जनला काय सांगायचे ते भाच्याच्या तोंडी पाठवले जात असेल तर डॉक्टर कितीही असोत, तो उपचार बहुव्यावसायिकच राहतो. सर्जनने स्वतः फोन उचलून कापलेल्या भागाची कोणती कड साशंक आहे ते रेडिएशनच्या डॉक्टरला सांगितले, तर मधे दोन राज्यांची सीमा असूनही ते सहकार्य ठरते.

आमच्याच घरातली एक गोष्ट. खानापूर तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मावशीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी २५ दिवसांचे बाहेरून रेडिएशन आणि त्यानंतर आतून द्यायची ब्रॅकीथेरपी सांगितली होती. हा सारा उपचार आठ आठवड्यांच्या आत संपवायचा असतो. रोज यंत्रावर जाण्यापूर्वी लघवी करून, अर्धा लिटर पाणी पिऊन थांबायचे, म्हणजे मूत्राशय भरून आतडी वर सरकतात आणि किरणांच्या वाटेतून दूर राहतात, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितले गेले आणि तिने मान हलवली. दुसऱ्या आठवड्यात यंत्रावरच्या तपासणीत मूत्राशय रोज रिकामे दिसू लागले. फाइलवर दोनदा शेरा पडला: ‘रुग्ण सूचना पाळत नाही’. मग एका तंत्रज्ञ मुलीने तिच्याजवळ बसून मराठीत विचारले तेव्हा कळले की मावशी सकाळपासून घोटभरही पाणी पीत नव्हती आणि तिथेही दोन घोटांवर ग्लास खाली ठेवत होती, कारण उपचार संपताच तिला परतीची बस गाठावी लागे आणि वाटेत बायकांना जाता येईल अशी जागा नव्हती. मुलीने हे डॉक्टरांना आणि समाजसेविकेला सांगितले. मावशीची वेळ सकाळी साडेनऊवरून दुपारी बारावर गेली, परतीसाठी तासाभराने सुटणारी बस ठरली आणि विभागातल्या स्वच्छतागृहाची किल्ली सिस्टरने तिच्या हाती दिली. पुढच्या सोमवारपासून पडद्यावर मूत्राशय भरलेले दिसू लागले.