फुले योजनेत मोफत उपचार: कार्ड, कागद आणि आरोग्यमित्राची खिडकी

ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचं रेशन कार्ड बहुतेक वेळा गावाकडे, म्हातारीच्या पेटीत असतं. आणि छातीत कळ येते ती कारखान्याच्या तळावर, गावापासून दोनशे-तीनशे किलोमीटर दूर. बीड, धाराशिव, जालन्याकडच्या कितीतरी घरांनी हे भोगलं आहे. ठरलेल्या दवाखान्यांत मोफत उपचार देणारी सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना होती, दवाखानाही यादीत होता, फक्त कागद हाताशी नव्हता. म्हणून ही माहिती आजारी पडण्याआधी वाचायची आहे.

ही योजना मराठवाड्याला नवी नाही. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होता. नोव्हेंबर 2013 मध्ये ती राज्यभर गेली, 2017 मध्ये महात्मा फुले यांचं नाव मिळालं आणि 2020 पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेसोबत एकत्र चालते. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने उपचारखर्चाचं संरक्षण दीड लाखावरून वर्षाला 5 लाख रुपये झालं. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी त्याच निर्णयात मर्यादा साडेचार लाख ठरली. रक्कम पूर्ण कुटुंबाला मिळून आहे, माणशी नाही. एकाच वर्षात घरातल्या दोघांची मोठी ऑपरेशनं निघाली तर हा हिशेब आधी विचारून घ्यावा.

कोण पात्र?

पूर्वी पिवळं, अंत्योदय, अन्नपूर्णा आणि केशरी कार्ड चालायचं. पांढऱ्या कार्डाला सवलत होती ती फक्त शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना, आणि त्या 14 मध्ये मराठवाड्याचे आठही जिल्हे होते. त्यासाठी सातबारा जोडावा लागे. 2023 च्या निर्णयानंतर पांढरं कार्डही पात्र झालं, शेती असो वा नसो. तरीही "आमचं कार्ड पांढरं हाय, आपल्याला कुठलं आलंय" असं म्हणून लोक न विचारताच पैसे भरून मोकळे होतात. मला सर्वात जास्त वाईट याचंच वाटतं. कर्नाटकच्या सीमाभागातल्या 865 मराठी गावांनाही योजना लागू केलेली आहे, म्हणजे बिदरकडच्या आपल्या सोयऱ्यांनाही सांगून ठेवा.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही, फक्त आधार लागतं. मेख एकच: वय आधारवरचं धरतात. आपल्याकडे बऱ्याच म्हाताऱ्या माणसांच्या आधारवर अंदाजाने 1 जानेवारीची जन्मतारीख टाकलेली आहे आणि वयही खऱ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी कमी लागलेलं आहे. ते दुरुस्त करायचं असेल तर आत्ताच करा. दवाखान्यात भरती असताना ते होत नाही.

कागद

मूळ कागद दोनच: रेशन कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र, शक्यतो आधार. रेशन कार्डाचा 12 अंकी ऑनलाइन नंबर असायला हवा. जुनं, हाताने लिहिलेलं कार्ड असेल तर तहसीलच्या पुरवठा विभागात जाऊन ते ऑनलाइन करून घ्या.

अडतं ते नावावर. रेशनवर सोनाबाई आणि आधारवर सुवर्णा असेल तर खिडकीवर प्रश्न येणारच. नवी सून घरात आली तर माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला घेऊन ते सासरच्या कार्डात चढवा. पहिल्या बाळंतपणाची वाट बघू नका. लेकराचं नाव कार्डात नसेल तर जन्मदाखला आणि आईबापाचं कार्ड सोबत ठेवा. अपघाताची केस असेल तर पोलिसांत नोंद झाल्याचा कागद मागतात.

आयुष्मान कार्ड काढलेलं असेल तर काम आणखी सोपं होतं. आयुष्मान ॲपवर, आपले सरकार केंद्रात किंवा आशाताईंच्या मदतीने आधारवर ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) करून ते निघतं. मोबाइल आधारला जोडलेला असू द्या. एक गल्लत सगळीकडे दिसते: 14 अंकी आभा नंबर म्हणजे आयुष्मान कार्ड नव्हे. आभा हे तुमच्या तपासण्यांच्या नोंदींचं खातं आहे, त्यावर मोफत ऑपरेशन होत नाही. केंद्राच्या यादीत नाव असलेल्या कुटुंबाचं आयुष्मान कार्ड राज्याबाहेरही चालतं. कर्नाटकातल्या कारखान्यावर जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दवाखान्यात गेल्यावर

काउंटरवर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राची खिडकी शोधा. यादीतल्या प्रत्येक रुग्णालयात, सरकारी असो की खासगी, आरोग्यमित्र नेमलेला असतो. तो कागद तपासून नोंदणी करतो. मग डॉक्टरांनी ठरवलेला उपचार, तपासण्यांचे रिपोर्ट आणि फोटो जोडून रुग्णालय ऑनलाइन पूर्वमंजुरी मागतं. मंजुरी आली की उपचार सुरू होतात. जीव धोक्यात असेल तर फोनवरून तातडीची मंजुरी घेऊन उपचार आधी सुरू करता येतात आणि कागद नंतर जोडता येतात. हे नातेवाइकांनी स्वतः बोलून दाखवायला हवं, कारण घाईत कोणी सांगत नाही.

माझ्या चुलत्याच्या वेळी आम्ही घाबरून चाळीस हजार अनामत भरली आणि आरोग्यमित्राकडे दुसऱ्या दिवशी गेलो. तेव्हा कळलं, ही योजना कॅशलेस आहे, आधी भरा आणि नंतर परत मिळवा असा प्रकार यात नाही. ते पैसे परत मिळायला फार पायपीट झाली.

तपासण्या, औषधं, ऑपरेशन, रुग्णाचं जेवण, सुट्टीनंतर दहा दिवसांपर्यंतची औषधं आणि फेरतपासणी, घरी परतायचं एसटी किंवा रेल्वेचं भाडं, हे सगळं पॅकेजमध्ये येतं. एवढं असूनही पैसे मागितले तर पावती मागा आणि 155388 किंवा 1800 233 2200 या मोफत क्रमांकावर तक्रार नोंदवा. जिल्हा समन्वयकाकडेही जाता येतं.

काय बसत नाही

सर्दी-ताप, नुसती ओपीडी यात नाही. उपचारांची ठरलेली यादी आहे, 2023 च्या निर्णयात ती 1356 होती. त्यातले काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, म्हणून खासगीत नाही म्हटलं तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय रुग्णालय घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर किंवा नांदेडचं शासकीय रुग्णालय विचारा.

ओपीडीसाठी गावाजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या केंद्रांत आणि ग्रामीण, उपजिल्हा, जिल्हा रुग्णालयांत तपासणी-उपचार मोफत आहेत. घाटीसारखी रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाची, तिथे हा निर्णय लागू नाही. साधारण 30,000 लोकसंख्येमागे एक केंद्र असं राष्ट्रीय प्रमाण आहे. तिथे डॉक्टर वेळेवर बसले, शुगर-बीपीच्या गोळ्या मिळत राहिल्या, तर पाच लाखांच्या कार्डाची गरजच कित्येकांना पडणार नाही. आरोग्याचं नियोजन करणाऱ्यांनी पैसा तिथे आधी घालावा असं मला मनापासून वाटतं.

योजनेत उपचार बसलाच नाही तर दोन वाटा उरतात. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखीव असतात. दुसरी वाट मुख्यमंत्री सहायता निधीची, त्याला डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक, रिपोर्ट, आधार आणि रेशन कार्ड लागतं. दोन्हीकडे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागतात. तो निघायला दिवस लागतात, म्हणून रुग्ण भरती झाला त्याच दिवशी घरातल्या एकाला तहसीलला पाठवा.