शुक्राणूदान म्हणजे दर आठवड्याची कमाई नव्हे

‘तरुण, निरोगी असलात की शुक्राणू बँकेत जा, नमुना द्या, पैसे घ्या, असं हवं तितक्या वेळा करा,’ हा समज कॉलेजच्या कट्ट्यांवर वर्षानुवर्षं फिरतोय. २०२१च्या सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानंतर तर तो साफ चुकीचा आहे. बँक एका दात्याचे शुक्राणू एकाहून अधिक जोडप्यांना देऊ शकत नाही. दात्याचं वय २१ ते ५५ हवं. आधार क्रमांक आणि पत्ता नोंदवावा लागतो. शुक्राणूंची विक्री हा गुन्हा आहे.

निरोगी तरुणही नाकारले जातात, आणि त्याचं कारण बहुतेकांना माहीतच नसतं. नमुना द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवतात. गोठवताना आणि वितळवताना बरेच शुक्राणू मरतात किंवा त्यांची हालचाल थांबते. म्हणून मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू ही किमान संदर्भमर्यादा जेमतेम ओलांडणारा नमुना स्वतःच्या संसाराला पुरेल, पण बँकेला नाही.

नमुन्याआधी २ ते ७ दिवस वीर्यस्खलन टाळायचं. साबण, तेल, लाळ किंवा साधा निरोध वापरला की शुक्राणू निकामी होतात. पहिले थेंब सांडले तर संख्या फसवी येते, कारण बहुतांश शुक्राणू त्यांतच असतात. असं झालं तर लपवू नका, प्रयोगशाळेत सांगा.

एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गरमी (सिफिलिस) यांच्या तपासण्या होतात. संसर्ग ताजा असेल तर पहिल्या तपासणीत सुटू शकतो, म्हणून नमुना सहा महिने राखून दात्याचं रक्त पुन्हा तपासण्याची रीत आहे.

जन्मलेल्या मुलावर दात्याचा पालक म्हणून कसलाही हक्क राहत नाही. कायद्याने ते त्या जोडप्याचंच.